मापाची खुर्ची

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडे कापसाच्या बाजाराविषयी लेख मागितला होता. आदिलाबादच्या मार्केट यार्डात तीन पिढ्या अडत केलेल्या घरातील मनुष्याने कापसाविषयी लिहावे, ही अपेक्षा गैर नाही. परंतु रुईचे भाव, सरकीची मागणी आणि ओलाव्याचे वांधे यांविषयी मजहून अधिकारी असे अनेक व्यापारी बंधू आपल्या मंडळात आहेत, आणि ते दरवर्षी लिहीतही असतात. म्हणून संपादकांची क्षमा मागून मी एका निराळ्याच वस्तूविषयी लिहिण्याची परवानगी घेतली आहे. ती वस्तू म्हणजे अपंगांची चाकाची खुर्ची. तिच्याविषयी मी लिहावे असा माझा अधिकार काही नाही. तथापि तिच्यामुळे माझ्या वहीत एक अशी रक्कम राहून गेली आहे की जी कोणत्याही दिवाळीला खात्यातून उडवता येत नाही.

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या पुण्यतिथीनिमित्त आमच्या कुटुंबाने ११ खुर्च्या गरीब अपंगांना दिल्या. समारंभ यथासांग झाला. मंडप, हारतुरे, प्रमुख पाहुणे, छायाचित्रे, सारे काही होते. खुर्च्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून खोक्यांत बांधून आल्या होत्या. त्या आदल्या रात्री आमच्याच गोदामात जोडल्या. साऱ्या एकाच मापाच्या, अठरा इंची बैठकीच्या. कोणास कोणती द्यावयाची याची यादी होती, पण त्या यादीत नाव, गाव आणि अंगठा यांखेरीज काही नव्हते. मनुष्याची उंची किती, कंबर किती, त्याच्या घरापुढे सडक आहे की शेताची वाट, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. ज्या घरात कापसाचा प्रत्येक ढीग हात घालून, धागा ओढून पाहिल्याखेरीज भाव बोलत नाहीत, त्या घरातून ही वस्तू अशी अंदाजाने गेली.

पुढे दीड वर्षाने उधारीच्या वसुलीसाठी जैनथकडील एका खेड्यात गेलो होतो. त्या गावात आमच्या जिनिंगमध्ये पूर्वी हमाली करणारा एक गृहस्थ राहत असे. गाठींच्या थप्पीवरून पडून त्याचे कमरेखालचे अंग गेले होते. दाबलेल्या रुईची एक गाठ १७० किलोंची असते. थप्पीवर चढउतार करणाऱ्यांना आपण रोज पाहतो, आणि म्हणूनच बहुधा पाहत नाही. अकरांतील एक खुर्ची त्याला दिली होती. घरी गेलो तेव्हा खुर्ची ओसरीवर होती. तिच्यावर तुरीची दोन पोती ठेवलेली होती. गृहस्थ आत चटईवर पालथा होता. त्याच्या घरधनिणीने मला पाणी दिले आणि फार हळू आवाजात सांगितले, "शेटजी, खुर्चीले नाव नाही ठेवत आम्ही. पण तिच्यात बसून-बसूनच हे असं झालं." तिने पांघरूण बाजूला केले. बैठकीच्या जागी मूठ मावेल एवढी जखम होती.

पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

मृत्यूचे कारण खुर्ची, असे कोणी डॉक्टर दाखल्यावर लिहीत नाही. पण ज्या डॉक्टरांकडे मी नंतर जाऊन बसलो त्यांनी मला आडपडदा न ठेवता सर्व समजावून सांगितले, आणि ते येथे सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते. कारण दान करणाऱ्याला हे ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला विचारण्याचे धैर्य नसते.

आपण गादीवर बसून खतावणी लिहीत असताना किती वेळा कूस बदलतो याची आपणांस जाणीवही नसते. बुडाखाली कळ लागली की शरीर आपोआप सरकते. पाठीचा कणा दुखावून ज्याच्या कमरेखालची संवेदना गेली आहे त्याला ती कळच लागत नाही. बैठकीच्या दोन हाडांखाली मांस व कातडी दाबली जाते, तेथला रक्तपुरवठा थांबतो, आणि काही तासांच्या आत आतले मांस मरू लागते. वरून प्रथम केवळ लालसर डाग दिसतो. तो डाग दिसला त्याच दिवशी मनुष्याला खुर्चीवरून उठवून पालथे निजविले तर बहुधा सारे निभावते. पण आपल्या पाठीखालचा डाग पाहणार कोण? पुढे कातडी फाटते, जखम हाडापर्यंत जाते, रक्तात विष भिनते. म्हणून अशा मनुष्यासाठी खुर्चीच्या चाकांइतकीच, किंबहुना अधिकच, महत्त्वाची वस्तू म्हणजे बैठकीवरची योग्य गादी. शिवाय दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलण्याची किंवा पुढे ओणवे होऊन दाब हलका करण्याची सवय त्याला शिकवावी लागते. आमच्या अकरा खुर्च्यांबरोबर गादी नव्हती. ताणून बसविलेले रेक्झिनचे कापड होते. ते वर्षभरात झोळीसारखे लोंबले. सवय शिकविणारा तर कोणीच नव्हता.

बैठकीच्या रुंदीचेही तसेच. हमाली सुटल्यावर तो गृहस्थ वाळून गेला होता. अठरा इंचांच्या बैठकीत तो एका बाजूस कलून बसे. सारा भार एकाच हाडावर. पाय ठेवण्याची पाटी वर असेल तर गुडघे उंच होतात आणि मांड्यांवरचा भार सुटून पुन्हा त्याच हाडांवर येतो; पाटी खाली असेल तर मनुष्य पुढे घसरत राहतो आणि त्या घसरणीने कातडी सोलते. बैठक फार रुंद असली की हात चाकांपर्यंत नीट पोचत नाहीत, मग खुर्ची दुसऱ्याने ढकलावी लागते. इंच-दोन इंचांचा हा फरक आहे. शिंपी इंचाची चूक करील तर आपण सदरा परत पाठवितो.

या विषयाचा इतिहासही थोडा पाहिला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कणा मोडलेले बहुसंख्य रोगी अशाच जखमांनी व मूत्रमार्गाच्या दोषांनी लवकर दगावत, आणि जगभरच्या वैद्यांनी ते जवळजवळ विधिलिखित मानले होते. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये जायबंदी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्यांची मुख्य औषधे म्हणजे दर थोड्या वेळाने कूस बदलणे, स्वच्छता, व्यायाम आणि काम. १९४८ च्या २९ जुलैस, म्हणजे लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी आपल्या इस्पितळाच्या आवारात १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे. त्याच परंपरेतील १९७२ च्या हायडेलबर्गच्या सामन्यांत आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक भारतास मिळवून दिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालचे अंग लुळे पडले होते. पद्मश्रीचा मान त्यांस २०१८ मध्ये मिळाला. छेचाळीस वर्षांची ही दिरंगाई कोणत्या खात्यात टाकावी, ते वाचकांनीच ठरवावे.

आपल्या देशातही या कामाची सुरुवात उशिरा झाली असे नाही. मुंबईस हाजी अलीजवळ १९५५ मध्ये शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. वेल्लोर येथील शल्यविशारद डॉ. मेरी वर्गीज यांना १९५४ च्या जानेवारीत मोटार-अपघातात अर्धांग आले. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसूनच कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू ठेवल्या, पुढे अमेरिकेत जाऊन पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसन केंद्र उभे राहिले. पुण्याजवळ खडकीला जायबंदी जवानांसाठी १९७४ मध्ये पॅराप्लेजिक केंद्र सुरू झाले. पण मुंबई, वेल्लोर आणि खडकी ही स्थळे इंद्रवेल्लीच्या किंवा नारनूरच्या एखाद्या गुड्यावरून किती दूर आहेत, हे आपणांपैकी जे त्या भागात कापूस खरेदीस जातात त्यांना सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष खुर्चीकडे येतो. आज आपल्या बाजारात सर्वत्र मिळते ती घडीची लोखंडी खुर्ची अमेरिकेतील हर्बर्ट एव्हरेस्ट व हॅरी जेनिंग्ज या दोघांनी १९३३ च्या सुमारास तयार केली. एव्हरेस्ट हे खाणीतील अपघाताने स्वतः लुळे झालेले अभियंते होते, आणि खुर्ची घडी करून मोटारीत ठेवता यावी ही त्यांची निकड होती. मोठ्या युक्तीची ती वस्तू आहे. पण ती फरशीवर आणि डांबरी रस्त्यावर फिरण्यासाठी आहे. पुढची दोन चाके लहान व अरुंद, आणि मनुष्याचा भार बराचसा त्यांच्यावर. आदिलाबादची जमीन कापसाची काळी जमीन आहे. मृग लागला की तिच्यात बैलाचा पाय रुततो, ट्रॅक्टरही फसतो. तेथे पाच-सहा इंची चाकाचे काय होणार? पहिल्या पावसातच ते चाक चिखलात बसते, आणि खुर्ची पुढे कलून मनुष्य तोंडावर पडतो. उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात. चाक भेगेत अडकते. वर्षाचे जे दोन-तीन महिने उरतात तेवढ्यासाठी ती खुर्ची उपयोगी म्हणावयाची.

ही अडचण ओळखून काम करणारी माणसे जगात आहेत, आणि त्यांपैकी बरीच स्वतः खुर्चीत बसणारी आहेत, ही गोष्ट मला विशेष वाटली. अमेरिकेतील राल्फ हॉचकिस हे १९६६ मध्ये मोटारसायकलच्या अपघाताने लुळे झालेले अभियंते. त्यांनी निकाराग्वासारख्या गरीब देशांतील अपंग कारागिरांबरोबर बसून मजबूत, खडबडीत वाटेवर चालणाऱ्या खुर्च्या तयार केल्या. त्यांचे सूत्र साधे होते: खुर्चीचा जो भाग मोडेल तो त्याच गावाच्या बाजारात मिळाला पाहिजे आणि तेथल्याच कारागिरास तो बसविता आला पाहिजे. इंग्लंडातील डेव्हिड कॉन्स्टंटाइन यांनी १९९१ मध्ये मित्रांसह 'मोटिव्हेशन' ही संस्था स्थापन केली. त्यांच्या कामाचा आरंभ बांगलादेशात झाला. खडतर जमिनीसाठी पुढे एकच मोठे चाक, तेही लांब अंतरावर, अशी तीनचाकी बांधणीची खुर्ची त्यांनी पुढे आणली. पुढचे चाक लांब असल्याने खुर्ची चटकन उलटत नाही आणि मोठे असल्याने रुतत नाही. आपल्याकडे बंगळूरची 'मोबिलिटी इंडिया' ही संस्था १९९४ पासून अपंगांची साधने व ती बसविणारी माणसे तयार करण्याचे काम करीत आली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये गरीब मुलखांतील खुर्चीवाटपासाठी एक मार्गदर्शिका काढली. तिचे सार व्यापाऱ्यास एका वाक्यात कळेल: खुर्ची ही माल नव्हे, सेवा आहे. मनुष्याची तपासणी, मापे, त्याच्या घराची व वाटेची चौकशी, योग्य खुर्चीची निवड, ती त्याच्या अंगाबरोबर बसविणे, वापर शिकविणे आणि पुढे दुरुस्तीची सोय, एवढे सारे मिळून एक खुर्ची होते. यातील पहिले व शेवटचे पाऊल वगळून मधला पोलादी सांगाडा तेवढा द्यावा, तर ती निव्वळ लोखंडाची उलाढाल झाली. त्याच मार्गदर्शिकेत असा अंदाज आहे की लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का लोकांना अशा खुर्चीची गरज असते. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यांतील आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे सात लाख भरते. एक टक्का म्हणजे सात हजार. आमच्या अकरा खुर्च्यांचा अभिमान या आकड्यापुढे कितपत टिकतो पाहा.

हे सात हजार कोण? त्यांत ताडावरून पडलेला ताडी काढणारा आहे. आंब्याच्या किंवा मोहाच्या झाडावरून पडलेला गोंड मुलगा आहे. हैदराबाद-नागपूर महामार्गावर मोटारसायकलवरून फेकला गेलेला तरुण आहे, आणि त्यांची संख्या वाढतच आहे. ट्रकमध्ये माल चढविताना पाठ मोडलेला आपलाच हमाल आहे. बालपक्षाघाताने पाय गेलेल्या पिढीतील लोक आता प्रौढ झाले आहेत. देशातील त्या रोगाचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला, ही या शतकातील मोठी कमाई होय. परंतु आधीच्यांचे पाय काही परत आले नाहीत. आणि जन्मतः मेंदूस इजा झालेली मुले आहेत, ज्यांना मान धरवत नाही, पाठ धरवत नाही. यांना सामान्य खुर्चीत बसविणे म्हणजे पोते ठेवणे. त्यांस मानेला, कमरेला आधार असलेली निराळी बैठक लागते, आणि मूल वाढेल तशी ती बदलावी लागते. आई अशा मुलाला दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत कडेवर वागविते. मग तिची कंबर जाते, आणि मूल खाटेवरच राहते.

तीनचाकी सायकल ही आणखी एक वस्तू. हाताने पेडल मारून चालवावयाची ही सायकल शिबिरांतून फार वाटली जाते, कारण ती मोठी दिसते आणि छायाचित्रात शोभते. सडकेवर पानपट्टी किंवा भाजीची गाडी लावणाऱ्या, कमरेत जोर असलेल्या मनुष्यास ती वरदान आहे. पण ती घरात शिरत नाही, मोरीपर्यंत जात नाही. ज्याला घरातल्या घरात हलावयाचे आहे, त्याला ती दिली तर ती अंगणात गंजते. एकाच माणसास कधी दोन्ही लागतात, कधी एकही नको असते, कुबडी व कॅलिपर पुरे होतात. हे ठरविणे यादीवर अंगठा घेणाऱ्याचे काम नव्हे.

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कानपूरचा सरकारी कृत्रिम अवयव निर्मितीचा कारखाना १९७२ मध्ये स्थापन झाला, साधने देण्याची केंद्रीय योजना १९८१ मध्ये निघाली, २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा २१ प्रकारची अपंगत्वे मानतो. तेलंगणात अपंगांचे निवृत्तिवेतन २०२३ मध्ये दरमहा ४,०१६ रुपये झाले. एखाद्या कोलाम कुटुंबात तेवढीच रोख आवक असते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी यावयाचे, तर ज्याला चालता येत नाही त्यानेच प्रथम चालत यावयाचे, अशी ती गंमत आहे. जीप ठरवावी तर महिन्याच्या वेतनातला मोठा तुकडा एका खेपेत जातो.

आपल्या समाजाने या क्षेत्रात केलेले सर्वांत नावाजलेले काम म्हणजे जयपूरचे. १९६८ मध्ये जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोदकरण सेठी यांनी रबराचा जो पाय तयार केला तो घालून मनुष्य मांडी घालून बसू शकतो, शेतात अनवाणी चालू शकतो. भगवान महावीरांच्या २,५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ मध्ये, श्री. देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. ते स्वतः मोठ्या अपघातातून वाचलेले सनदी अधिकारी. समितीने हा पाय विनामूल्य देण्याचे व्रत घेतले, आणि देशोदेशी लाखो लोक त्याने उभे राहिले. डॉ. सेठी यांस १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कार्याची स्तुती आपल्या प्रत्येक स्मरणिकेत होत असते. परंतु तिच्यातील एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात त्या हमालाच्या मृत्यूनंतर आली. तेथे रुग्ण येतो, त्याच्या उरलेल्या पायाचे माप घेतात, साचा करतात, पाय बनवितात, घालून चालवून पाहतात, टोचत असेल तेथे घासतात, मगच त्याला घरी पाठवितात. मापाशिवाय पाय देण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही, कारण तो बसणारच नाही. खुर्चीत मात्र कोणीही कसाही बसू शकतो. म्हणूनच फसगत होते.

महाराष्ट्रात या विषयावर बोलावयाचे तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. सोळाव्या वर्षी त्यांचे कमरेखालचे अंग गेले. निराशेच्या त्या दिवसांत त्यांस उभारी देणारे गृहस्थ होते बाबूकाका दिवाण. स्वतः तसेच लुळे, आणि उद्योजक! खुर्चीत बसून व्यवसाय चालविणारा मनुष्य समोर पाहिल्यावर, कोणत्याही उपदेशाने झाले नसते ते झाले. नसीमाताईंनी पुढे सरकारी नोकरी केली, आणि १९८४ मध्ये कोल्हापुरास 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. तेथे अपंग मुलांच्या राहण्याची, शिक्षणाची व पुढे रोजगाराची सोय झाली. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच 'चाकाची खुर्ची' असे आहे. ते पुस्तक आपल्या घरोघरी वाचले जावे असे मला वाटते. निदान जे खुर्च्या दान करू इच्छितात त्यांनी आधी ते वाचावे.

आणि पैनगंगा ओलांडली की वरोरा. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी तेथे आनंदवनाचा आरंभ केला. कुष्ठरोग्यांपासून सुरू झालेल्या त्या वसाहतीत पुढे अंध, मूकबधिर व अपंग सारेच सामील झाले. विणकाम, सुतारकाम, छपाई, शेती अशी कामे त्यांनीच चालविली. बाबांना स्वतःला पाठीच्या विकाराने अनेक वर्षे बसता येत नसे. एक तर उभे राहावयाचे, नाही तर आडवे व्हावयाचे. आनंदवनास मी दोनदा गेलो. मला तेथे दयेचा वास आला नाही, कारखान्याचा आला. हे मी प्रशंसा म्हणूनच लिहीत आहे.

आता आमच्या दुसऱ्या प्रयत्नाविषयी, पण थोडक्यात. पुढच्या पुण्यतिथीस आम्ही अकराऐवजी तीनच खुर्च्या दिल्या, आणि खर्च जवळजवळ तितकाच आला. घरातील मंडळींना हे प्रथम पटले नाही. थोरले बंधू म्हणाले, "अकराचे तीन झाले, आणि रक्कम तीच? हा कुठला सौदा?" मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. शारीरिक उपचाराच्या तज्ज्ञ बाईंचे दोनदा खेड्यांत जाणे, मापे घेणे, तीन निराळ्या मापांच्या व दोन निराळ्या बांधणीच्या खुर्च्या, चांगल्या गाद्या व दरवर्षी त्या बदलण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, एका घरापुढे मुरूम टाकून केलेली वाट, दुसऱ्या घराच्या दाराची चौकट काढून रुंद केलेली. आणि मुख्य म्हणजे सायकल दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराची चार दिवसांची मजुरी देऊन त्यास या खुर्च्यांची दुरुस्ती शिकविली. पुढच्या चाकातले छर्रे आणि मागच्या चाकाच्या तारा त्याला नव्या नव्हत्या. ब्रेक आणि गादी तेवढी नवी. आता तिन्ही घरांजवळ त्याचा पत्ता आहे. मंडप व हारतुरे यांचा खर्च त्या कागदावर नव्हता, हे बंधूंच्या लक्षात आले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी सही केली. जीएसटी निघाला तेव्हा २०१७ मध्ये या वस्तूवर ५ टक्के कर ठरला, त्याबद्दल मात्र ते पुष्कळ बोलले.

आपल्या मंडळाने काय करावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. तरी कार्यकारिणीपुढे विचारार्थ दोन गोष्टी ठेवतो. पुढील शिबिरात मापे घेणारा जाणकार मनुष्य नसेल तर शिबिर पुढे ढकलावे, मग पाहुणे कितीही मोठे येणार असोत. आणि यापूर्वी दिलेल्या साऱ्या खुर्च्यांची एकदा फेरतपासणी व्हावी; वह्या आपल्याकडे आहेत, नावे व गावे आहेत. वसुलीस आपण त्या गावांत जातोच.

तीन खुर्च्यांपैकी एक एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना दिली होती. चौदा इंची बैठक, पुढे मोठे चाक. बाईंचे माप घेताना त्यांनी तज्ज्ञांना विचारले होते की यंत्र हाताने चालवावयाचे असल्यास खुर्चीची उंची किती हवी. हा प्रश्न आमच्यापैकी कोणास सुचला नसता. पुढे काही महिन्यांनी थोरल्या बंधूंच्या कापडाच्या दुकानासमोर त्या आल्या, आणि रस्त्यावरूनच हाक मारून म्हणाल्या, "शेटजी, खुर्ची तुम्ही दिली. वर कशी येऊ?" दुकानाचा ओटा दीड फूट उंच आहे. उतारास एकास बारा हे प्रमाण धरतात. म्हणजे एक फूट चढण्यास बारा फूट लांबी. दीड फुटास अठरा फूट होतात, आणि दुकानाची दर्शनी बाजू बारा फुटांची आहे. गवंड्याने डोके खाजविले. शेवटी भिंतीच्या कडेने उतार घेऊन कोपऱ्यावर सपाट जागा ठेवून वळविला; त्यात बाहेर गठ्ठे मांडण्याची जागा गेली, याची बंधूंना अद्याप चुटपुट आहे. आता त्या उतारावरून हमालांच्या हातगाड्याही चढतात. गेल्या पाडव्यास बाई स्वतः वर आल्या, अस्तराचे सहा मीटर कापड पारखून घेतले आणि सूट मागितली. नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतात तेवढीच बंधूंनी दिली.